नाटकाच्या परवान्याची कुळकथा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही एकांकिका स्पर्धेचा प्रवेश अर्ज उघडून बघा. लेखकाचे संमतिपत्र, कलाकारांची यादी, प्रवेश शुल्क आणि त्यांच्याच रांगेत आणखी एक अट असते: सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत जोडावी. कॉलेजातल्या मुलांना तिचे काही वाटत नाही. संहिता टाइप करायची, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे धाडायची, प्रमाणपत्र हाती आले की तालमीला जोर द्यायचा. हीच मुले कथा लिहून मासिकाला पाठवतात, चित्रांचे प्रदर्शन भरवतात, कवितांचे पुस्तक काढतात, तेव्हा आधी कुठे अर्ज करावा लागत नाही. नाटकाला मात्र लागतो. हा पंक्तिप्रपंच कुठून आला?

त्याचे मूळ लंडनमध्ये सापडते. अठराव्या शतकात हेन्री फील्डिंग हा नाटककार पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोलच्या कारभाराची रंगभूमीवर यथेच्छ टिंगल करत होता. वॉल्पोलने १७३७ साली कायदाच करून टाकला. प्रत्येक नवे नाटक प्रयोगाआधी लॉर्ड चेंबरलेनला दाखवायचे, त्याने होकार दिला तरच पडदा वर जाणार. हा चेंबरलेन राजवाड्याच्या कारभारातला अधिकारी. नकाराचे कारण सांगायला तो बांधील नव्हता आणि त्याच्या निर्णयावर अपीलही नव्हते. फील्डिंगने नाटक सोडले, वकिलीचा अभ्यास केला आणि कादंबऱ्या लिहायला घेतल्या. कादंबरीला परवाना लागत नव्हता, कारण ती एकेकजण आपापल्या घरी वाचतो. नाटकाला शेकडो माणसे एकाच वेळी, एकाच वाक्याला हसतात. राज्यकर्त्यांना धास्ती वाटली ती या एकत्र हसण्याची.

ही धास्ती हिंदुस्थानात उतरली कलकत्त्यात. दीनबंधु मित्रांचे ‘नीलदर्पण’ हे निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम मांडणारे नाटक १८६० साली प्रसिद्ध झाले. त्याचे इंग्रजी भाषांतर छापून घेतल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना पुढच्याच वर्षी एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी कोर्टातच भरली. ही शिक्षा मळेवाल्यांच्या बदनामीची होती. म्हणजे पुस्तक आधी निघाले आणि खटला नंतर उभा राहिला. नाटक होण्याआधीच अडवण्याची सोय सरकारकडे अजून नव्हती.

ती करून घ्यायला निमित्त मिळाले युवराजांच्या भेटीचे. १८७५-७६ च्या हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्याला आले असताना जगदानंद मुखर्जी या वकिलांनी त्यांना घरी बोलावून जनानखान्यातल्या स्त्रियांकरवी ओवाळले. बंगाली समाजात गहजब झाला. ग्रेट नॅशनल थिएटरने लगोलग ‘गजदानंद ओ युवराज’ हे प्रहसन उभे केले. पोलिसांनी ते थांबवल्यावर तेच प्रहसन ‘हनुमान चरित्र’ नावाने आले. मग खुद्द पोलीस अधिकाऱ्यांच्या आडनावांवर कोटी करणारे प्रहसनही निघाले. आता मात्र व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी फेब्रुवारी १८७६ मध्ये वटहुकूम काढला. त्याच सुमारास उपेंद्रनाथ दास आणि अमृतलाल बसू यांना दुसऱ्याच एका नाटकातल्या अश्लीलतेच्या आरोपावरून महिन्याची शिक्षा झाली; हायकोर्टाने ती रद्द केली. वर्ष संपायच्या आत वटहुकमाचा कायदा झाला होता.

नाट्यप्रयोगांचा हा १८७६ चा कायदा मुळातून वाचण्याजोगा आहे. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती निर्माण करणारे किंवा प्रेक्षकांची नीती बिघडवणारे नाटक बंद पाडण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. मनाई मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. ही शिक्षा नटांपुरती नव्हती. थिएटरचा मालक तिच्या कक्षेत होता आणि मनाई ठाऊक असून खुर्चीत बसलेला प्रेक्षकसुद्धा. पाहणे हाही गुन्हा ठरवणारा असा कायदा विरळाच. त्याच कायद्याच्या शेवटी एक सूट होती: धार्मिक उत्सवातल्या जात्रा आणि तसल्या खेळांना हे काही लागू नाही. लोकांच्या देवाधर्मात हात घालायचा नाही, हा १८५७ नंतरचा सरकारी शहाणपणा त्यामागे असावा.

महाराष्ट्राने देवाधर्माच्या आडोशाचा उपयोग बरोबर ओळखला. गणेशोत्सवातल्या मेळ्यांच्या पदांत राजकारण शिरले, नाटककार पुराणांकडे वळले. ‘केसरी’तले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, पण कीचकात कर्झन, द्रौपदीत हिंदुस्थान, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल प्रेक्षकांना न सांगता दिसत. मनाई करावी तर विराटपर्वाला करायची काय, असा पेच सरकारपुढे उभा राहिला. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जॅक्सन ‘शारदा’च्या प्रयोगाला आला होता. यानंतर सरकारने पेच वगैरे बाजूला ठेवला आणि १९१० च्या जानेवारीत ‘कीचकवध’ बंद केले.

तोवर सिनेमा आला होता. १९१८ च्या कायद्याने त्याच्यासाठी स्वतंत्र तपासणी आणली आणि १९२० साली मुंबईसह मोठ्या शहरांत सेन्सॉर बोर्डे बसली. प्रभातच्या ‘स्वराज्याचे तोरण’ या शिवाजी महाराजांवरच्या मूकपटाचे नावच बोर्डाला खुपले. व्ही. शांताराम यांना ते ‘उदयकाल’ असे बदलावे लागले.

गोरे साहेब गेले आणि कायदे मागे राहिले, हे आपण अनेकदा ऐकतो. या कुळात गोष्ट त्याहून वेगळी घडली. इंग्रजांचा १८७६ चा कायदा अलाहाबाद हायकोर्टाने १९५६ साली घटनाबाह्य ठरवला. लखनौमध्ये ‘इप्टा’ने केलेल्या प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’च्या प्रयोगावरून तो खटला उभा राहिला होता. पण मुंबई राज्याने तोवर नवी वाट काढली होती. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात करमणुकीच्या जागा आणि खेळ यांना परवाने देण्याचे नियम करण्याची तरतूद होती. त्या नियमांखाली नाटकांबरोबर मेळे, तमाशे आणि कॅबरेही आले आणि संहिता आधी मंडळाला दाखवण्याचा पायंडा पक्का झाला. इंग्रजांनी मुख्यतः मनाईचा अधिकार राखला होता. आपण सरसकट पूर्वपरवानगी आणली. आधी राजद्रोहाची भीती होती, आता अश्लीलतेची. तपासणारे टेबल मात्र पोलिसांच्या कायद्याखालीच राहिले.

या टेबलावर काय काय झाले, याच्या कहाण्या मराठी नाट्यवर्तुळात आजही चवीने सांगतात. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त गर्भपात झालेल्या माणिकच्या साडीवरचा लाल डाग मंडळाला चालेना. श्रीराम लागू आणि मंडळींनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितले, की निळा डाग कृपया लाल समजावा. त्यानंतर तो डाग कोणाच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. ‘सखाराम बाइंडर’ १९७२ च्या मार्चमध्ये आले. निळू फुले, लालन सारंग यांच्या भूमिका असलेले हे नाटक तेरा प्रयोगांनंतर अडवले गेले आणि त्यात तीसहून अधिक काटछाटी सुचवल्या गेल्या. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई हायकोर्टात गेले आणि जिंकले. त्या लढाईची हकीकत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’मध्ये लिहून ठेवली आहे.

पण परवान्याचा खरा पोकळपणा कळला तो त्याच वर्षाच्या शेवटी. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिले. एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबले, आणि थांबवणारे हात सरकारचे नव्हते. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून गावात वादळ उठले आणि ज्या संस्थेने ते केले होते तिच्याच अध्यक्षांनी प्रयोग बंद केले. कलाकारांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. पुढे १९८० साली ते बर्लिनला निघाले तेव्हा पुन्हा विरोध झाला आणि पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. प्रदीप दळवींचे नथुराम गोडसेवरचे नाटक १९९८ साली रीतसर रंगभूमीवर आले आणि काही दिवसांत राज्य सरकारने बंद केले. त्याची सुटका २००१ साली हायकोर्टाने केली.

म्हणजे या प्रमाणपत्राने ना जमावापासून संरक्षण दिले, ना खुद्द सरकारपासून. मग ते करते काय? लेखकाला आधीच सावध करते. वाक्य लिहिताना मंडळातला वाचक डोळ्यांसमोर येतो आणि पेन आपणहून वळते. सरकार, समाज आणि संस्था यांच्या बंदीच्या निदान बातम्या होतात, खटले चालतात, पुस्तके निघतात. लेखकाने टेबलावरच घातलेली बंदी कोणत्याही कोर्टात नेता येत नाही.

लंडनमध्ये लॉर्ड चेंबरलेनचा हा अधिकार १९६८ साली संपला. आपल्याकडचा १८७६ चा कायदा संसदेने थेट २०१८ च्या जानेवारीत औपचारिकपणे पुसून टाकला. महाराष्ट्रातल्या पूर्वपरिनिरीक्षणाला अमोल पालेकरांनी २०१६ साली मुंबई हायकोर्टात आव्हान दिले आणि तो अर्ज वर्षानुवर्षे सुनावणीच्या रांगेत राहिला. कुळातला मूळ पुरुष गेला, त्याची कलकत्त्यातली शाखा खुंटली आणि वंश चालवतो आहोत आपण, ज्यांची रंगभूमी देशात सर्वांत जागती म्हणून आपण मिरवतो.

नाटकातून कोणाची बदनामी झाली, कोणी चिथावणी दिली, तर त्यासाठी कायद्यात कलमे आहेत. ती पुस्तकाला आणि वर्तमानपत्राला लागतात तशी नाटकालाही लागू होतात. कथाकाराला जी मोकळीक आहे तीच नाटककाराला द्यायला नवे काही घडवावे लागत नाही. पोलीस कायद्याखालच्या नियमांतली संहिता-तपासणीची तरतूद तेवढी वगळायची आहे. शासनाने ती वगळावी, आणि तोपर्यंत स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी निदान ती वगळावी म्हणून शासनाकडे लेखी मागणी करावी.