शोभेची दारू आणि कायद्याची व्याख्या

तोफेच्या दारूला आणि भुईनळ्याच्या दारूला मराठीत एकच शब्द आहे. दुसरी वेगळी दाखवावयाची असेल, तर आपण तिच्यामागे ‘शोभेची’ एवढे विशेषण लावतो. भाषेने एका विशेषणाने सोडविलेला हा प्रश्न कायद्याला मात्र शतकाहून अधिक काळ पुरून उरला आहे.

वस्तू जुनीच. १४९७ मध्ये गादीवर आलेल्या ओडिशाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात दारूकामाच्या मिश्रणांचे पाठ आहेत, हे परशुराम कृष्ण गोडे यांनी दाखवून दिले. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीतील दारूच्या लंकेचे वर्णन ऐकवितात. हवई, चंद्रज्योती, फुलबाजी ही नावेही पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी ठेवलेली आहेत. धोक्याचा विचार त्यांत नाही.

तो विचार आला १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याने. स्फोटाने कार्य साधण्यासाठी किंवा आतषबाजीचा परिणाम घडविण्यासाठी केलेला पदार्थ म्हणजे स्फोटक, अशी त्याची व्याख्या. खाणीतला सुरुंग आणि अंगणातला भुईनळा एकाच वाक्यात आले. पुढे नियमांनी, १८७५ च्या विलायती कायद्याच्या धर्तीवर, वर्ग पाडले : पहिला बंदुकीच्या दारूचा, सहावा दारूगोळ्याचा, सातवा शोभेच्या दारूचा. सातव्याचे पुन्हा दोन विभाग : नुसते मिश्रण आणि तयार माल. हा भेद आम्हांला मार्मिक वाटतो. मोकळे मिश्रण हाताळणारा कारागीर आणि कागदात बांधलेला फटाका विकणारा दुकानदार यांचा धोका सारखा नाही, हे त्यात ओळखले आहे. याच दृष्टीने १९९२ मध्ये क्लोरेट आणि गंधक एकत्र करण्यास मनाई झाली. कारण ते मिश्रण घर्षणानेही पेटते.

यानंतर कायद्याची नजर करणाऱ्यावरून ऐकणाऱ्याकडे वळली. १९९९ मध्ये फटाक्याच्या आवाजाला फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरांवर १२५ डेसिबलांची मर्यादा आली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आवाजाचे आणि रंग-प्रकाशाचे अशी वर्गवारी सांगितली व रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना बंदी केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयाने पाळी श्वास घेणाऱ्याची आली : बेरियमचे क्षार आणि फटाक्यांच्या माळा वर्ज्य ठरल्या, कमी धुराचा माल तेवढा ग्राह्य.

प्रत्येक टप्प्यावर व्याख्येने एक नवा माणूस पाहिला, आणि ते योग्यच झाले. पण पहिल्याचा विसर पडू नये. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळ मुदलीपट्टी येथील कारखान्यात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे गेली. त्यांच्या मरणाचा संबंध आवाजाच्या मर्यादेशी नव्हता की धुराशी नव्हता. तो होता त्या जुन्या, रुक्ष वाटणाऱ्या सातव्या वर्गाशी.

शोभा पाहणाऱ्याची असते; दारू मात्र भरणाऱ्याच्या हातात असते. ‘शोभेची दारू’ म्हणताना विशेषणावर भर द्यावा की नामावर, हे ठरविणे म्हणजेच या कायद्याचा सारा इतिहास होय. सणाच्या दिवशी आपण विशेषण उच्चारतो. नामाचे स्मरण ठेवण्याचे काम कायद्याने सोडता कामा नये.