पेन्सिल सेल : आकार एक, प्रकृती वेगळी

दुकानात ‘पेन्सिल सेल’ मागितला की दुकानदार बहुधा सर्वांत स्वस्त जोडी पुढे करतो. तीच जोडी भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालते आणि मुलाच्या खेळण्यातल्या मोटारीत मात्र एका दुपारीत मान टाकते. दोष कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात चूक निवडीची असते. एकाच आकाराच्या कवचात तीन निरनिराळी रसायने विकली जातात. ती ओळखण्याची खूण सेलवर रोमन लिपीत, बारीक अक्षरांत छापलेली असते. ‘आर६’ म्हणजे साधा झिंक-कार्बन, ‘एलआर६’ म्हणजे अल्कलाइन आणि ‘एफआर६’ म्हणजे लिथियम. छोट्या पेन्सिल सेलवर सहाच्या जागी ०३ असते, तर जुन्या टॉर्चच्या जाड सेलवर २०.

साध्या सेलचा मूळपुरुष फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये घडविला. या सेलचे जस्ताचे डबडे हाच त्याचा ऋण ध्रुव. वीज देता देता डबडेच झिजत जाते, त्याला भोके पडतात आणि आतला क्षार उपकरणात पाझरतो. मात्र मधूनमधून विश्रांती मिळाली तर हा सेल पुन्हा सावरतो. घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट यांची भूक अगदी थोडी असते, तेथे महाग सेल घालण्यात फारसा अर्थ नाही. आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचा महिना तेवढा पाहून घ्यावा.

अल्कलाइन सेलमध्ये जस्त भुकटीच्या रूपात असते, त्यामुळे रासायनिक क्रियेला पुष्कळ पृष्ठभाग मिळतो आणि मोठा प्रवाह सलग देता येतो. हलक्या भारावर त्याची क्षमता दोन ते अडीच हजार मिलीअँपिअर-तास भरते. साध्या सेलची त्याच्या निम्मीही क्वचितच असते. घरच्या रक्तदाबमापकासाठी हाच सेल घ्यावा. दंडावरचा पट्टा फुगविणाऱ्या पंपाला एकदम जास्त वीज लागते. साधा सेल तेथे दमतो आणि नेमके अपरात्री, आजोबांना चक्कर येत असताना यंत्र बंद पडते. अशा घरात सेलची एक न उघडलेली जोडी यंत्राच्या पेटीतच ठेवलेली बरी. अल्कलाइन सेल बंद पाकिटात पाच ते दहा वर्षे टिकतो.

लिथियम सेल सर्वांत महाग. वजन साधारण १५ ग्रॅम, म्हणजे अल्कलाइनच्या सुमारे दोन तृतीयांश. आणि उणे ४० अंशांपर्यंत काम करण्याची तयारी. हिमालयातील पदभ्रमणात शून्याखाली पारा गेला की अल्कलाइन सेल मलूल होतो. तेथे डोक्यावरच्या दिव्यासाठी लिथियम घेतल्यास पैसे वसूल होतात. सह्याद्रीत रात्रीचा गड चढणाऱ्याला मात्र अल्कलाइन पुरेसा आहे. त्याचा शत्रू थंडी नव्हे, ओल आहे. एक सावधगिरी हवी. याच आकाराचे ३.७ व्होल्टचे पुनर्भारित लिथियम सेलही बाजारात मिळतात. दीड व्होल्टच्या उपकरणात ते घातल्यास उपकरण जळू शकते.

रोज खेळल्या जाणाऱ्या खेळण्यांना टाकाऊ सेल परवडतच नाहीत, त्यांना पुनर्भारित निकेल-मेटल हायड्राइड सेल द्यावेत.

संपलेला सेल उन्हात ठेवणे किंवा दातांनी चावणे हे घरोघरचे जुने उपाय. उष्णतेने रासायनिक क्रियेला क्षणभर जोर येतो, एवढेच. अल्कलाइन सेलमध्ये दाहक पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. त्याला दात लावणे हा शुद्ध वेडेपणा होय. नवा आणि जुना सेल जोडीने घालू नये, कारण जुना आधी रिता होतो आणि गळू लागतो. गळून पांढरी भुकटी जमलीच, तर हातमोजे घालून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडविलेल्या कापसाने ती पुसता येते.

वापरलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते वेगळे ठेवून संकलन वा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे.

लहान मूल असलेल्या घरात तर बदललेला बटन सेल टेबलावर क्षणभरही राहता कामा नये. मोटारीची किल्ली, वजनकाटा, गाणारे खेळणे यांत तीन व्होल्टचा ‘सीआर२०३२’ असतो. व्यास २० मिलिमीटर. गिळल्यास तो अन्ननलिकेत अडकतो, ओलाव्यामुळे वीज वाहू लागते आणि दोन तासांत आतील भाग गंभीर भाजू शकतो. उपकरणासाठी ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो. शंका आली तरी उलटी करविण्याच्या फंदात न पडता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे, आणि सेल गिळल्याचा संशय आहे हे दारातच सांगून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.