उपासना आणि ईश्वरी मार्गदर्शन (ख्रिस्ती)

ख्रिस्ती धर्मात उपासना म्हणजे मंडळीने एकत्र जमून गीत, शास्त्रवाचन, पापांगीकार, प्रार्थना, संदेश, अर्पण व प्रभुभोजन यांच्या द्वारे देवापुढे उभे राहणे होय; नित्य व्यवहारात देवाची इच्छा ओळखून तदनुसार वागण्याची जी सिद्धता तिच्यातून घडते, तिचा विचार येथे बारामती, इंदापूर व दौंड या परिसराच्या अनुषंगाने केला आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात स्वतःच्या शरीराचे जिवंत अर्पण हीच उपासना ठरवली असून, तिने मन पालटल्यावर देवाची इच्छा पारखता येते, असा क्रम लावला आहे. म्हणून मार्गदर्शन म्हणजे कौल नव्हे. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावे आणि बोट पडेल ते वचन त्या दिवसाचा हुकूम मानावे, ही काही भाविकांची वहिवाट भाबडी आहे. वर्षानुवर्षे मंडळीत बसून ऐकलेल्या वचनाने विवेकाला जे वळण लागते, ते अशा आकस्मिक संकेताहून अधिक भरवशाचे होय.

बारामतीच्या मुलखात विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या मंडळींच्या मिशनाने काम आरंभिले. या परंपरेत प्रभुभोजन दर रविवारी होते, आणि भाकर घेण्यापूर्वी प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी असा करिंथच्या मंडळीस दिलेला दंडक असल्यामुळे, आठवड्याच्या व्यवहाराचा झाडा आठवड्यालाच द्यावा लागतो. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून प्रथम समेट करावा, ही येशूची आज्ञा नीरा डाव्या कालव्याच्या काठी, जेथे पाटपाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ अबोला धरतात, तेथे केवळ प्रवचनाचा विषय राहत नाही.

सोमेश्वरनगरासारख्या सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या गावी उपासनेचे वेळापत्रक शेतीशी जुळवून घ्यावे लागते; गळिताचा हंगाम चालू असता कारखान्यातील पाळी रविवार पाहत नाही, आणि नाताळही त्याच हंगामात येतो. अशा वेळी घरची सायंप्रार्थना, एक वचन व एक गीत एवढ्या अल्प सामग्रीवर, मंडळीच्या उपासनेची उणीव काही अंशी भरून काढते. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते, असे याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सांगतो. हा अध्याय ज्याने कानांनी ऐकला आणि नंतर ऊसतोडणी कामगाराचा हिशेब ओढूनताणून केला, त्याला मार्गदर्शन मिळाले नाही असे म्हणण्याची मुभा नाही.

गीतांचे कार्य याहून सौम्य, पण अधिक टिकाऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग, भजन व कीर्तन या एतद्देशीय रूपांना ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या पुष्कळ रचना आहेत. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही शेतात काम करताना आठवेल असे धर्मज्ञान त्यांनी पुरविले. मिशनाची पगारी चाकरी सोडून 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय स्थापिला, हे त्यांच्या भक्तीचेच आचरणात उतरलेले फळ होते.

उपासनेतून लाभलेल्या मार्गदर्शनाचे या प्रदेशातील ठळक उदाहरण मात्र केडगावचे. पंडिता रमाबाई (1858–1922) 1896 च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या व तेथील निराधार मुली घेऊन आल्या. प्लेगच्या दिवसांत नव्या मुलींना पुण्यात ठेवण्यास मज्जाव झाल्यावर त्यांची तजवीज दौंड तालुक्यातील केडगावी झाली आणि मुक्तिसदन उभे राहिले. पैशाची शाश्वती नसता एवढा भार उचलणे व्यवहारज्ञांस अविचार वाटला असावा. रमाबाईंस ते प्रार्थनेत मिळालेले कर्तव्य होते. 1905 साली तेथे नित्य प्रार्थनेतून मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, आणि मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावी सुवार्ता सांगण्यास निघाल्या. त्या भावावेशाविषयी तेव्हाही मतभेद होते. परंतु त्याच आश्रमात विणकाम, शेती व छपाई अखंड चालू राहिली, ही गोष्ट टीकाकारांनी लक्षात घेण्याजोगी आहे. हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य स्त्रियांस कळेल अशा मराठीत रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 साली, मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.