‘टिअर्स इन हेवन’: एका बापाचं गाणं, सास्तूरहून ऐकलेलं

आजचा भाग एकाच गाण्यावर आहे. पुण्या-मुंबईत कुठल्याही गिटार क्लासमध्ये महिनाभर जरी गेला असाल, तर ते तुमच्या बोटांखालून गेलेलं असणार. एरिक क्लॅप्टनचं ‘टिअर्स इन हेवन’. बऱ्याच श्रोत्यांनी लिहून पाठवलं होतं की क्लॅप्टनवर बोला, पण ‘लैला’वर बोला, ‘क्रीम’वर बोला. ते होईलच. आधी हे.

मी सास्तूरचा. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव, तालुका लोहारा. सास्तूर म्हटलं की मराठवाड्याबाहेरची माणसं क्षणभर थांबतात आणि मग विचारतात, किल्लारीजवळचं का? हो, तेच. त्यामुळं हे गाणं मी ज्या कानांनी ऐकतो ते जरा वेगळे आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

तर क्लॅप्टन. जन्म ३० मार्च १९४५, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं रिप्ली हे खेडं. आई अगदी कोवळ्या वयाची, बाप युद्धासाठी आलेला कॅनडाचा सैनिक, तो केव्हाच निघून गेलेला. पोराला आजी-आजोबांनी वाढवलं आणि तो त्यांनाच आई-बाप समजत होता. जिला बहीण समजत होता ती आपली आई आहे, हे त्याला साधारण नवव्या वर्षी कळलं. बापाची तर उभ्या जन्मात गाठ पडली नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विशीत त्याची बोटं अशी काही पळायला लागली की लंडनच्या एका भिंतीवर कुणीतरी ‘क्लॅप्टन देव आहे’ असं रंगवून ठेवलं. यार्डबर्ड्स, ब्लूजब्रेकर्स, क्रीम, डेरेक अँड द डॉमिनोज, अशी एकामागून एक वाद्यवृंदांची रांग. मधे हेरॉइन, मग दारू. १९७६ साली बर्मिंगहॅमच्या मंचावरून त्यानं दारूच्या नशेत स्थलांतरितांविरुद्ध जी गरळ ओकली, ती आपले चाहते सहसा काढत नाहीत. त्यातूनच तिकडं ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. त्यानं नंतर पश्चात्ताप व्यक्त केला, पण झालेलं झालं. देव वगैरे म्हणताना हेही सोबत असू द्यावं.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये त्याला मुलगा झाला, कॉनर. आई लोरी देल सांतो, इटालियन अभिनेत्री. (गाण्याच्या चाहत्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असतं? पोर तिचंही होतं.) क्लॅप्टननं पुढे आत्मचरित्रात कबूल केलंय की बाप म्हणून तो फारसा कुणी नव्हताच, अधूनमधून भेटणारा पाहुणा. दारू सुटल्यावर हळूहळू पोरात जीव गुंतायला लागला. १९ मार्च १९९१ ला त्यानं कॉनरला सर्कस दाखवली, पहिल्यांदाच दोघंच दोघं. दुसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालयात जायचं ठरलं होतं. त्या सकाळी न्यूयॉर्कमधल्या त्या इमारतीत सफाईसाठी एक मोठी खिडकी उघडी ठेवली होती. मजला ५३ वा. कॉनर साडेचार वर्षांचा होता.

पुढचे काही महिने क्लॅप्टन एक छोटी स्पॅनिश गिटार घेऊन बसायचा. नेमकं त्याच सुमाराला त्याच्याकडं ‘रश’ नावाच्या सिनेमाचं संगीत होतं. त्यात एक गाणं हवं होतं, ती जागा त्यानं धरली. पहिलं कडवं लिहून झाल्यावर गीतकार विल जेनिंग्जला बोलावलं. हाच जेनिंग्ज पुढं ‘टायटॅनिक’चं गाणं लिहिणार होता. जेनिंग्ज म्हणाला, हे इतकं तुझं आहे की तूच पूर्ण कर. क्लॅप्टननं ऐकलं नाही, आणि दोघांनी मिळून ते पुरं केलं.

१६ जानेवारी १९९२ ला इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’साठी मोजक्या श्रोत्यांसमोर त्यानं ते गायलं. मांडीवर नायलॉनच्या तारांची गिटार. त्याचा अल्बम काढायला तो फारसा उत्सुक नव्हता, म्हणे यात काय विशेष. त्या अल्बमच्या जगभरात अडीच कोटींहून जास्त प्रती खपल्या. फेब्रुवारी १९९३ मध्ये एका रात्रीत सहा ग्रॅमी, त्यातली तीन थेट या गाण्याला.

आता जरा वाजवण्याविषयी. चाहते काय म्हणतात? म्हणतात, ‘किती साधं आहे!’ साधं नाहीये मंडळी, आवरलेलं आहे. सूर ए मेजरचे, म्हणजे पाश्चात्त्यांच्या हिशेबानं आनंदाचे. अंगठा खालचा खर्ज धरतो, बोटं वरच्या तारा चिमटीत धरल्यासारखी एकदम सोडतात, आणि तो खर्ज एकेक पायरी खाली उतरत जातो. जणू कुणी जिना उतरतंय, कठड्याला धरून. मधल्या कडव्यात गाणं अचानक सी मेजरला जातं. तिथं क्षणभर वाटतं की आता हा फुटणार. फुटत नाही, परत मूळ घरी येतो. ज्याच्या एका सोलोसाठी लोक रात्रभर रांगा लावायचे, त्या माणसानं इथं बोटांना लगाम घातलाय. चाहत्यांना हे शब्दांत सांगता येत नसेल, पण ऐकू येतं. म्हणून ते हळू आवाजात दाद देतात.

आणि गाण्याचा विषय? लोक म्हणतात विरह, दुःख. मला वाटतं विषय आहे ओळख. पलीकडं गाठ पडलीच तर पोर आपल्याला ओळखेल का, एवढीच त्या बापाची काळजी. ज्यानं स्वतःचा बाप कधी पाहिला नाही आणि जो पोराच्या ओळखीचा व्हायला साडेचार वर्षं उशिरा पोचला, त्याच्या तोंडी हा प्रश्न काव्य म्हणून येत नाही. पुढं १९९८ मध्ये त्यानं ‘माय फादर्स आइज’ केलं, त्यातही तेच: न पाहिलेल्या बापाचे डोळे पोराच्या चेहऱ्यावर शोधणं.

मी हे गाणं पुण्यात हॉस्टेलवर ऐकलं, २००२ च्या आसपास. खोलीतल्या मित्राकडं गिव्हसनची गिटार होती, लोखंडी तारांची, बोटं कापणारी. त्यानं अर्थ सांगितला तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. कारण सांगितलं नाही.

कारण असं, की ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. म्हणजे ग्रॅमीचे सोहळे होऊन सात महिने झालेले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता सहाच्या थोडी वर. जगाच्या हिशेबात हा काही महाभूकंप नव्हे. पण आमची घरं! दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडाच्या भिंती, सांध्यात चुना-सिमेंट काही नाही, नुसती माती. वर लाकडी सऱ्यांवर मातीचं माळवद. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी वर नवी माती टाकायची. म्हणजे पिढ्यानपिढ्या आम्ही डोक्यावरचं ओझं वाढवत आलो. उन्हाळ्यात मात्र घर असं गार राहायचं की विचारू नका. लातूर आणि उस्मानाबाद मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. बहुतेक सगळी त्या माळवदाखाली, झोपेत. आमच्या घरातली माझी धाकटी बहीण. अडीच वर्षांची. तिला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, हातांनी माती उपसून बाहेर काढलं.

त्यानंतर पाऊस लागला. लाकडं ओली, सरणं सामायिक. ओळख पटवायची म्हणजे काय असतं हे मी नवव्या वर्षी पाहिलं, त्याविषयी यापेक्षा जास्त बोलत नाही. मग पुनर्वसन झालं. गावं नव्या जागी गेली, सरळ रस्ते, एकसारखी घरं. म्हातारी माणसं कित्येक महिने संध्याकाळी स्वतःचंच घर चुकायची.

आपल्याकडं लेकराच्या जाण्यावर गाणी नाहीत असं नाही. गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ आठवा: ती आई मानायलाच तयार नाही, पोर झोपलंय म्हणते. जात्यावरच्या ओव्यांत तर मरण, माहेर, लेक सगळं येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सोबत्यांसह गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. पण बघा, हे सगळे गळे बायांचे आहेत. गोविंदाग्रज पुरुष, तरी त्यांनाही आईचाच आवाज घ्यावा लागला. बापानं काय म्हणायचं? दहाव्याला कीर्तन ठेवायचं, भजनात टाळ धरायचे, पण ते शब्द सगळ्या जगासाठीचे. स्वतःच्या पोराचं नाव घेऊन गायची सोय आमच्या गावातल्या पुरुषाला कुणी करून दिलेली नव्हती. १९९३ नंतर कितीतरी बाप नुसते पारावर बसून असायचे. तंबाखू मळत. लोक त्यांना ‘घट्ट आहे’ म्हणायचे.

म्हणून मला क्लॅप्टनच्या चाहत्यांमध्ये बापमाणसं भेटली की नवल वाटत नाही. गंमत म्हणजे इंग्रजी धड न कळणारेही असतात. त्यांना गाण्यापेक्षा ती मुभा आवडलेली असते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नोकरी लागल्यावर एका दिवाळीत मी अण्णांना हे गाणं मोबाइलवर ऐकवलं आणि सगळी हकिकत सांगितली. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग विचारलं, ‘ह्यो गडी गावोगाव जाऊन हेच म्हणतोय व्हय?’ म्हटलं, हो, लोक मागतात. तर म्हणाले, ‘म्हंजी रोज पोरगं उकरून काढायचं. कसं जमतंय त्याला?’

मी हे गाणं तोवर शंभरदा ऐकलं असेल, पण या बाजूनं कधी पाहिलंच नव्हतं. चाहता म्हणून आपण मागतो काय? पैसे देऊन, शिट्टी मारून, एका बापाला सांगतो की ते पुन्हा एकदा म्हण. विकलं का त्यानं दुःख? असा आरोप त्याच्यावर झालेला आहे. मला तो पटत नाही. त्यानं स्वतः सांगितलंय की संगीत त्यानं जवळजवळ औषधासारखं वापरलं, आणि त्या काळात मुलांसाठी खिडक्या सुरक्षित करा असं सांगणाऱ्या जाहिरातींतही तो दिसला. पण ज्यानं केलं त्याचं औषध आणि जो ऐकतो त्याचं औषध एकच असेल असं थोडंच आहे?

२००४ मध्ये क्लॅप्टननं हे गाणं म्हणणं बंद केलं. ‘माय फादर्स आइज’ही. कारण मोठं प्रामाणिक: ती हानी आता तशी जाणवत नाही, आणि ती जाणीव नसताना हे वाजवणं बरोबर नाही. तोवर त्याला पुन्हा संसार मिळाला होता, मुली झाल्या होत्या. काही चाहते हिरमुसले. काहींना तर राग आला, जणू त्यांचं काही हिरावून घेतलं. मला मात्र त्या बातमीनं बरं वाटलं होतं, आणि अण्णांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘सुटला.’

गाणं मात्र थांबलं नाही. त्सुनामीनंतर, २००५ च्या सुरुवातीला, शॅरन ऑस्बर्नच्या पुढाकारानं एल्टन जॉन, ओझी ऑस्बर्न, फिल कॉलिन्स अशा बऱ्याच जणांनी मिळून ते पुन्हा गायलं, मदतनिधीसाठी. एका खिडकीतून सुरू झालेलं गाणं लाखो घरांच्या दुःखाला लावलं गेलं. मला विचाराल तर ती आवृत्ती फसलेली आहे. प्रत्येकाला आपला गळा दाखवायचाय, आणि या गाण्यात नेमकं तेच करायचं नसतं. पण पैसे उभे करायला निघालेल्या माणसांना नावं ठेवू नयेत. आमच्याकडं १९९३ ला अशाच अनोळखी माणसांचे पैसे, कपडे, पत्रे आले होते आणि आम्ही त्यावर राहिलो.

२०१३ मध्ये क्लॅप्टननं ‘टिअर्स इन हेवन’ पुन्हा घेतलं. चाल थोडी बदलून, जरा झुलती करून. नऊ वर्षांच्या विश्रांतीनंतरचा तो आवाज ऐका. दुःख आहे, पण ते आता घरातल्या जुन्या माणसासारखं कोपऱ्यात बसलंय.

दर ३० सप्टेंबरला किल्लारीला स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली होते, आणि मग बातमीदार आसपासच्या गावांतून फिरतात. सास्तूरलाही येतात. प्रश्न ठरलेला: त्या रात्री काय झालं? अण्णा काही वर्षी सांगतात, अगदी बारीकसारीक, मुलीच्या नावासकट. काही वर्षी भल्या सकाळी डबा घेऊन शेताकडं निघून जातात, आणि आई दारातून सांगते की ते घरी नाहीत.

पुढच्या भागात ‘लैला’. निझामीच्या मजनूपासून क्लॅप्टनपर्यंत ते कसं पोचलं, आणि जॉर्ज हॅरिसनच्या घरात त्यानं काय आग लावली, ते बघू. तोवर नमस्कार.