संगणकाचे कान

"हॅलो, हॅलो! गुरुजी, आवाज येत नाही!" २०२० सालच्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि त्यानंतर कित्येक महिने हे एकच वाक्य महाराष्ट्रातल्या घराघरांतून ऐकू येत होते. पडद्यावर गुरुजींचे ओठ हलत आहेत, हातवारे चालू आहेत, मागच्या फळ्यावर गणितही मांडलेले आहे. पण आवाजाचा पत्ता नाही. तीस तीस वर्षे वर्ग गाजविलेली माणसे त्या यंत्रापुढे ओशाळून बसत. त्यांना वाटे, चूक आपलीच, आपल्याला हे यंत्र जमत नाही. अशी दहा मिनिटे गेली की पलीकडची मुले एकेक करून उठून जात. तास बुडे, तो बुडेच.

माझे म्हणणे असे की यात गुरुजींचा दोष फार थोडा. तोंडातून निघालेला शब्द संगणकात पोहोचेपर्यंत चार-पाच सांधे ओलांडतो, आणि हे सांधे एका काळी, एका हाताने घडलेले नाहीत. जुन्या वाड्याला प्रत्येक पिढीने एकेक खोली जोडत जावी आणि मग पावसाळ्यात नेमके त्या जोडांतून पाणी गळावे, तशातला हा प्रकार आहे. गळती शोधायची तर कोणती खोली केव्हा बांधली आणि बांधणाऱ्याने काय गृहीत धरले होते, हे ठाऊक असलेले बरे. म्हणून आज या वाड्याची हकीकत सांगतो.

पहिला सांधा ध्वनिक्षेपकाचा, म्हणजे आपल्या माइकचा. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. पण त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत बोलणाऱ्याच्या आवाजाच्याच जोरावर वीज निर्माण व्हावयाची. ती इतकी अल्प, की अंतर वाढले की शब्द विरून जात. १८७७-७८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस एडिसन आणि लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनी वेगळी वाट काढली. कोळशाच्या सैल तुकड्यांतून बॅटरीची वीज वाहू द्यायची. आवाजाचा दाब पडला की कोळसा दाबला जातो, विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो आणि वीज त्या प्रमाणात हलते. शेताला दारे धरणारा माणूस पाणी निर्माण करीत नाही, तो फक्त सोडतो नाहीतर अडवितो, तसेच हे. ह्यूज यांनी आपल्या शोधाचे पेटंटसुद्धा घेतले नाही.

जाता जाता एक सांगतो. जुन्या टेलिफोनचा चोंगा तळहातावर आपटून मग बोलणारी वडीलधारी माणसे आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. आपण त्यांना हसत होतो. पण चोंग्यातले कोळशाचे कण दमटपणाने किंवा नुसत्या वापराने एकमेकांना चिकटून बसत आणि आपटले की मोकळे होत. म्हणजे ती खरोखरीची दुरुस्ती होती!

पुढे १९३१ साली बेल प्रयोगशाळेतील वेंट आणि थुरास यांनी चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा माइक सिद्ध केला. सभेत, कीर्तनात, गणेशोत्सवाच्या मंडपात आपण हातात धरतो तो दणकट माइक बहुधा याच जातीचा. त्याला बाहेरची वीज लागत नाही, पण त्याचा आवाज फार क्षीण, एखाद-दोन सहस्रांश व्होल्टचा. तो मोठा करायला चांगला ॲम्प्लिफायर हवा. मग १९६२ साली त्याच प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर विद्युतभार कायमचा मुरवून एक चिमुकला, स्वस्त माइक बनविला. त्याला 'इलेक्ट्रेट' म्हणतात. टेपरेकॉर्डर, टेलिफोन, कानावर चढवायचा हेडफोन, सगळीकडे तो जाऊन बसला. मात्र त्याच्या पोटात एक लहानसा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला दोन-तीन व्होल्टचा खुराक लागतो. खुराक नाही, तर आवाज नाही.

संगणकाचे माइकचे भोक हे याच इलेक्ट्रेटसाठी बांधलेले आहे. तारेतूनच ते माइकला वीज पुरविते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती तेव्हा एका प्रशिक्षण वर्गात माझी फजिती झाली. माइक मिळेना म्हणून आम्ही लाउडस्पीकरवाल्याचा भला मोठा माइक आणला, जोडतुकडा लावून संगणकात खुपसला आणि तासभर ओरडलो. ऐकणाऱ्यांना मुंगी बोलल्यासारखे वाटले म्हणे. माइक उत्तम होता, संगणकही उत्तम होता. दोघांची जात वेगळी होती, एवढेच.

दुसरा सांधा दांडीचा. माइकच्या तारेच्या टोकाला जी चकचकीत दांडी असते, तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. एका गिऱ्हाइकाची तार दुसऱ्याला जोडून देण्यासाठी ऑपरेटर जी पाव इंच जाडीची दांडी भोकात घालीत, तिचीच ही साडेतीन मिलिमीटरची नात. संगणकाच्या पाठीमागे अशी तीन सारखी भोके असत आणि कोणते कशाचे ते शोधायला टेबलाखाली बॅटरी घेऊन शिरावे लागे. शेवटी १९९९ सालासाठी मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी ठरविलेल्या नियमांत रंग नक्की झाले: गुलाबी माइकचे, हिरवे स्पीकरचे, निळे बाहेरच्या टेपरेकॉर्डरसारख्या यंत्राचे. निळ्याची अपेक्षा जवळपास व्होल्टभर जोराच्या आवाजाची असते. त्यात माइक घातला तर त्याची कुजबूज संगणकाच्या कानी पडत नाही. कित्येक 'बिघडलेले' संगणक असे निळ्याचे गुलाबी करताच बरे झाले आहेत.

लॅपटॉप आणि मोबाइल आले तेव्हा जागा वाचविण्यासाठी ऐकणे आणि बोलणे एकाच भोकात कोंबले. दांडीवर तीन काळी कडी आली, म्हणजे चार भाग झाले. पण तळाच्या दोन भागांत माइक कोणता आणि जमिनीची तार कोणती, यावर कंपन्यांचे एकमत झाले नाही आणि दोन पद्धती पडल्या. एका पद्धतीचा हेडफोन दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रात घातला की मोठी मौज होते. गाण्यातली वाद्ये ऐकू येतात पण गाणारा गडप होतो, आणि तारेवरचे बटण दाबून धरले की तो परत येतो. असे झाले तर हेडफोन फेकून देऊ नका. तो शाबूत आहे. दुसऱ्या घराचा आहे.

आता संगणकाकडे वळू. ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याला तोंड होते, कान नव्हते. तोंड तरी कसले? एक लहानसा स्पीकर 'पीं' करून 'मी शुद्धीवर आहे' एवढे सांगे. कचेरीतल्या हिशेबाच्या यंत्राला कोणी बोलून दाखवील, ही कल्पनाच त्या रचनेत नव्हती. आपल्या रेडिओची आठवण यावी अशीच ही गोष्ट आहे. १९५६ साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली गेली. गावकरी एकत्र बसून ऐकत, चर्चा करीत. पण त्यांना काही विचारायचे तर ते कागदावर लिहून केंद्राकडे पाठवावे लागे आणि उत्तर पुढच्या कार्यक्रमात येई. बोलणे एकीकडून, ऐकणे दुसरीकडून.

१९८७ साली कॅनडात क्यूबेक शहरी मार्टिन प्रेव्हेल या संगीताच्या माजी प्राध्यापकांनी 'ॲड-लिब' नावाचे कार्ड काढले. यामाहाची चिप बसविलेले हे कार्ड संगणकाच्या पोटात खोवले की तो सुस्वर वाजू लागे. पण कान तेव्हाही नव्हतेच. ते दिले सिंगापूरने. सिम वाँग हू या तरुणाने १९८१ साली तेथे संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान थाटले होते. त्यातून वाढलेल्या कंपनीने १९८९ साली 'साउंड ब्लास्टर' बाजारात आणले. ॲड-लिबची चिप त्यात होतीच, शिवाय माइकचे भोक होते. भोकातून आलेला आवाज हे कार्ड सेकंदाला सुमारे बारा हजार वेळा मोजी आणि प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवून आकडा लिही. आवाजाचे असे आकडे करण्याची कल्पना ॲलेक रीव्ज या इंग्रज इंजिनिअरने पॅरिसमध्ये काम करताना १९३७ सालीच मांडली होती. ती घरच्या टेबलावर यायला अर्धशतक लागले. ॲड-लिबचे १९९२ साली दिवाळे निघाले. सिम २०२३ च्या जानेवारीत वारले.

कान आले आणि त्यांच्याबरोबर कानाची दुखणीही आली. संगणकातल्या प्रत्येक कार्डाला मुख्य प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एक हाकेची तार लागे. अशा तारा मोजक्या, त्यांना क्रमांक दिलेले. साउंड ब्लास्टरने क्रमांक ७ घेतला आणि पुष्कळ संगणकांत नेमका तोच क्रमांक छपाई यंत्राचा! एका ओसरीवर दोघे 'अहो' म्हणून हाका मारू लागले तर घरधन्याने कोणाकडे पाहावे? मग आवाजाचा एकच तुकडा तबकडी अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजे. पुढे कार्डे क्रमांक ५ वर बसवून येऊ लागली. तोवर लोक पेटी उघडून, चिमट्याने कार्डावरची इवलीशी टोपणे इकडून तिकडे हलवीत बसत आणि एका फाइलीत तो क्रमांक हाताने लिहीत. एक आकडा चुकला की सगळे मुके.

१९९५ च्या विंडोजने क्रमांक स्वतः वाटण्याचे काम पत्करले. सुरुवातीला ते काम इतके बेभरवशाचे होते की 'खोचा आणि देवाचे नाव घ्या' अशी थट्टा होई. १९९७ साली इंटेलने 'ए.सी. ९७' हा नमुना ठरवून दिला; कार्डाची जागा मुख्य फळीवरच्या एका लहान चिपने घेतली आणि साउंड कार्ड बहुतेक घरांतून नाहीसे झाले. दुखणे मात्र नाहीसे झाले नाही, त्याने जागा बदलली. पूर्वी ते चिमट्याने सापडे, आता पडद्यावरच्या खुणांत दडून बसते.

आजच्या संगणकाला एक कान नसतो. लॅपटॉपच्या कडेला एक, कॅमेऱ्यात एक, हेडफोनला एक, यू.एस.बी.चा माइक तर आपले साउंड कार्ड पोटातच घेऊन येतो. संगणक यांतला एक निवडतो आणि तो आपण ज्याच्यापुढे बोलतो तोच असेल असे नाही. गुरुजी हेडफोनच्या माइकमध्ये बोलत असतात आणि यंत्र कॅमेऱ्याच्या कानाने भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत असते. शिवाय २०१८ पासून विंडोज १० मध्ये माइकच्या परवानगीचा खटका सगळ्याच प्रोग्रॅमना लागू झाला. चोरून ऐकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून केलेली ही सोय योग्यच आहे. पण तो खटका बंद असला तर माइक, तार, चिप सर्व ठीक असूनही चिडीचूप.

आवाज जातो पण भुणभुण फार, अशी तक्रार असेल तर आधी चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर बोलून पाहा. गावाकडे पुष्कळ घरांत भिंतीवरच्या तिसऱ्या भोकाला जमिनीची तार जोडलेलीच नसते, आणि माइकमध्ये ती विजेची गुणगुण शिरते. हे काम संगणकवाल्याचे नव्हे, वायरमनचे.

शिट्टी बसण्याचा रोग तर लाउडस्पीकरइतका जुना. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असे चक्र फिरू लागते; डेन्मार्कचे शास्त्रज्ञ लार्सन यांचे नाव या प्रकाराला मिळाले आहे. दूरच्या टेलिफोनवर आपलाच आवाज परत ऐकू येई, त्यावर बेल प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात उपाय निघाला. त्यात बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले मनमोहन सोंधी यांचा मोठा वाटा होता. परत येणाऱ्या आवाजाचा अंदाज घेऊन तो वजा करायचा, अशी ही हिशेबाची युक्ती. आजचे सभांचे प्रोग्रॅम तिच्या पुढे जाऊन एकसुरी गोंगाटही पुसून टाकतात, पंख्याचा, मोटारीचा. पण गाणे शिकविणाऱ्यांवर यामुळे वेगळेच संकट आले. तंबोरा हा एकसुरीच वाजतो! यंत्राने त्यालाही पंखाच समजावे आणि शिष्याच्या कानी नुसता गुरूचा गळा, आधाराचा सूर नाही. अशा वेळी प्रोग्रॅममधला 'मूळ आवाज राहू द्या' या अर्थाचा पर्याय शोधावा लागतो.

मी स्वतः आता एक क्रम धरला आहे. तास सुरू होण्याआधी संगणकातला आवाज टिपण्याचा साधा प्रोग्रॅम उघडतो. १९९२ च्या विंडोजमध्येही तो होता. चार वाक्ये बोलतो आणि परत ऐकतो. ती नीट ऐकू आली, तर तोंडापासून चिपेपर्यंतचे सगळे सांधे धड आहेत, खोट पुढे सभेच्या प्रोग्रॅममध्ये किंवा परवानगीत आहे. ऐकू आली नाहीत, तर तोंडापासून निघून एकेक सांधा तपासतो: माइकच्या तारेवरचा खटका, दांडी, भोकाचा रंग, निवडलेला कान. हे करायला पाच मिनिटे लागतात. त्या लाउडस्पीकरवाल्याचा माइक मी त्याच दिवशी परत केला. त्याने विचारले, "गुरुजी, बिघडला होता काय?" मी म्हटले, "नाही रे बाबा, उद्या मंडपात लाव, चांगला वाजेल." आणि वाजलाही.