गाण्यांची बदली

बँकेतल्या माणसाला बदलीबद्दल कोणी शिकवावं लागत नाही. ऑर्डर हातात पडली की तो ट्रंका बांधतो, दूधवाल्याचा हिशेब चुकता करतो आणि नव्या गावी पोचल्यावर महिन्याभरात त्याला साक्षात्कार होतो, की आपण आलो, सौ. आली, फोडणीचा डबासुद्धा आला. पण रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक आणि टपाल मागेच राहिलं. माणूस हलतो, नोंद हलत नाही. जगातले निम्मे घोटाळे या एवढ्याशा वाक्यात बसतात.

आमच्या रोह्याला हे फलाटावर उभं राहून शिकता येतं. मध्य रेल्वे इथपर्यंत आणि कोकण रेल्वे इथून पुढे, अशी वाटणी झाली आणि १९९८ साली मुंबई ते मंगळूर सलग गाड्या धावू लागल्या. गाडी तीच, डबे तेच, खिडकीतला मुलगा तोच आणि त्याच्या हातातला वडाही तोच. रोहा सुटलं की कागदोपत्री मात्र रेल्वे बदलते. वडा खाणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, कारण वह्या जुळवणारी माणसं रात्रभर जागी असतात.

गाण्यांच्या बदल्यांचा इतिहासही असाच वह्या जुळवण्याचा आहे.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचे गृहस्थ ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन कलकत्त्याला उतरले. गौहरजान त्यांच्या भोंग्यासमोर गायल्या. पण तबकड्या छापायच्या होत्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला भैरवी आणि जोगिया सारखेच. कोणती तबकडी कोणाची, हे त्याने ओळखायचं कसं? म्हणून गाणं संपलं की गौहरजान इंग्रजीतून आपलं नाव ठणकावून सांगत. आज ऐकताना तो आपल्याला नखरा वाटतो. खरं म्हणजे ती ट्रंकेवर रंगवलेल्या नावासारखी सोय होती. पावती हरवो, लेबल गळून पडो, गाण्याचं नाव गाण्याच्या पोटातच.

वहीचा दुसरा मोठा कारकून म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). कारकून हा शब्द मी आदरानेच वापरतो आहे. आमच्या धंद्यात याहून मोठी पदवी नाही. त्यांच्या आधी बऱ्याच ठिकाणी रागांचं खातं एकत्र कुटुंबासारखं असे. सहा पुरुष राग, प्रत्येकाच्या पाच-सहा रागिण्या, वर पुत्रपरिवार. भातखंडे वकील. त्यांनी हे कुटुंब विभक्त केलं आणि सगळ्यांना दहा थाटांच्या दहा खोल्यांत राहायला पाठवलं. बदली म्हटली की कुरकुर आलीच. भूप आणि देशकार, दोघांचे सूर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपाची रवानगी कल्याणात, देशकाराची बिलावलात. सख्खी भावंडं, रेशनकार्डं वेगळी! चुकलं का? मुळीच नाही. सुरांची नुसती मोजदाद केली तर दोन्ही एकच. फरक आहे तो गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात. तो सुरांच्या यादीत सापडत नाही, वहीत मुद्दाम लिहून ठेवावा लागतो.

पुढे कॅसेट आली, सीडी आली आणि १९९५ साली एमपी-३ हे नाव ठरलं. फाइल झाली, पण पुन्हा हॅनोव्हरचा प्रश्न : आत काय आहे? १९९६ मध्ये एरिक केम्प या गृहस्थांनी फाइलच्या शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडायची टूम काढली. गाण्याला ३० खण, गायकाला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०. म्हणजे चौऱ्याण्णव वर्षांनी जग पुन्हा गौहरजानच्या पायरीवर आलं. गाणं संपलं की नाव सांगायचं!

चिठ्ठी रोमन लिपीसाठी होती. देवनागरी कोंबायला जावं तर आजच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला, काना-वेलांटीलासुद्धा, तीन-तीन खण लागतात. ‘भीमसेन जोशी’ हे नाव मधल्या मोकळ्या जागेसकट एकतीस खणांचं होतं. शेवटची वेलांटी कापली जाते आणि उरतं ‘भीमसेन जोश’. तेही काही खोटं नाही म्हणा. संगीताच्या प्रकारांची जी पहिली ऐंशी जणांची यादी होती, तिच्यात नाट्यगीत नाही, अभंग नाही. पोल्का मात्र आहे, आणि तोही अंगात घालायचा नव्हे.

आता घरचं. आमचे अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटची दहा वर्षं त्यांनी आपल्या कॅसेटी एकेक करून जुन्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि गाण्यांच्या एका प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाला तारे दिले, शेरे लिहिले. ‘पहाटे ऐकणे.’ ‘तबला जास्त.’ एका गाण्यापुढे नुसतं ‘हिला आवडायचे’. तो कॉम्प्युटर कण्हू लागला तेव्हा सगळी गाणी नव्या घरगुती सर्व्हरवर न्यायचं ठरलं. सर्व्हर म्हणजे माळ्यावरच्या बरणीएवढी एक पेटी.

भाचा इंजिनिअरिंगला. त्याने एका रात्रीत गाणी हलवली, वहीही हलवली. सकाळी पाहतो तर प्रत्येक गाणं दोनदा. एकाला तारे होते पण आवाज नव्हता. दुसऱ्याला आवाज होता पण तारे नव्हते. सिनेमात हा प्रकार नित्याचा आहे, पण तिथे पार्श्वगायनाची सोय असते.

भाचा म्हणाला, “मामा, जुनी वही टाकून देऊ. पाच मिनिटांत नवी यादी होईल.”

होईल ना. यादीत गाणी सगळी असतील, अण्णा नसतील. तारे आणि शेरे फाइलीत नव्हते, फक्त वहीत होते. म्हटलं, “बाबा रे, २०२० च्या एप्रिलात दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, तेव्हा कोणी ठेवीदारांना ‘नव्याने खातं उघडा’ म्हटलं नाही. कोड बदलले, शिल्लक पुढे ओढली. आपण शिल्लक पुढे ओढायची.”

मग ऑडिट सुरू झालं. पहिला नियम : मूळ वहीला हात लावायचा नाही, काम नकलेवर. दुसरा : आधी डे-एंड. प्रोग्रॅम चालू असताना वही उचलली, तर ताज्या नोंदी शेजारच्या कच्च्या वहीतच राहू शकतात. म्हणून तो बंद करून पुन्हा नक्कल घेतली. तिसरा : पत्ता. जुनी वही म्हणे, गाणं ‘डी ड्राइव्ह’मध्ये, नव्या पेटीत डी नावाची खोलीच नाही, आणि पत्त्यातली तिरकी रेघसुद्धा उलटीकडे झुकलेली. नकलेत सगळे पत्ते बदलले. बहुतेक गाणी जुळली. काही अडली, कारण जुन्या घरी मोठा ‘बी’ आणि छोटा ‘बी’ एकच समजत. नव्या घरी ते दोन स्वतंत्र खातेदार. तेही जुळवले.

राहिली अकरा. सगळी अण्णांच्या ‘म्हाताऱ्यांसाठी निवडक’ या फोल्डरातली, आणि त्यातच ते ‘हिला आवडायचे’. पत्ता डोळ्यांनी तंतोतंत तोच. अक्षर अक्षर लावून पाहिलं. एका पैशाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसलेला माणूस अकरा गाण्यांना काय भितो! शेवटी चोर सापडला ‘म्हाताऱ्यां’मध्ये. त्यातला अर्धा ‘ऱ’ वहीत एकच अक्षर होता. मधल्या एका डिस्कवरून येताना फाइलच्या नावात त्याचे दोन तुकडे झाले, साधा ‘र’ आणि खाली वेगळा नुक्ता. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान, पडद्यावर हुबेहूब सारखे. पण पेटी नियम पाहत नाही, बाइट मोजते. भाच्याने फाइलींची नावं एकसारखी केली. अकराच्या अकरा तारे लेवून बोलू लागली.

टॅली झाल्यावर आम्ही एक काम जास्त केलं. वहीतले शेरे प्रत्येक गाण्याच्या चिठ्ठीत उतरवले. ‘हिला आवडायचे’ याला चौतीस खण लागतात. १९९६ च्या चिठ्ठीत ते मावलं नसतं. १९९८ च्या आवृत्तीत चिठ्ठी गाण्याच्या आधी येते आणि जागाही ऐसपैस असते. आता ही पेटीही एक दिवस कण्हेल, गाणी पुन्हा बदलीवर निघतील, कदाचित एखाद्या हॅनोव्हरला जातील. तिथल्या कारागिराला आमची भाषा येणार नाही. पण आईला काय आवडायचं, हे ते गाणं बरोबर घेऊन जाईल.