गंजाखालचं सोनं

आमच्या गुहागरच्या घरात स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक लोखंडाचा तुकडा लावलेला असे. वीतभर लांब, भाजलेल्या पापडासारखा वळलेला. अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तो मुंबईहून ट्रंकेत घालून आणला होता. १९४४च्या मे महिन्यात, आगोटीआधीच्या बोटीने. बोट दाभोळला लागायची, मग खाडी ओलांडून घरी. "लोकांचे चाकरमानी खाऊ आणतात, आमच्यांनी पत्रा आणला," हे आजी शेवटपर्यंत ऐकवत राहिली.

अण्णा व्हिक्टोरिया गोदीत टॅली क्लार्क होते. गाठी उतरतील तशा मोजायच्या आणि चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारायची, एवढं काम. १४ एप्रिलला त्यांची रात्रपाळी होती, म्हणून दुपारी माझगावच्या खोलीवर झोपले होते. चार वाजून गेले आणि फळीवरची भांडी अंगावर आली. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. गोदीत 'फोर्ट स्टिकीन' फुटलं होतं. जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि त्यांच्या सोबतीला कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. ही सोयरीक कुणी जुळवली असं विचारलं, तर अण्णा "लढाईने" म्हणत आणि पानाचा डबा ओढत. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. ओळखीचे हमाल किती गेले, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही. मोजणं हाच ज्याचा धंदा, त्याने ते तेवढं मोजलं नाही, की मोजून मनात ठेवलं?

आम्हा पोरांना ते सोन्याचंच सांगत. त्याच जहाजात रिझर्व्ह बँकेसाठी विलायतेहून आलेल्या सोन्याच्या ३१ पेट्या होत्या. पेटीत चार विटा, म्हणजे १२४. एकेक वीट पावणेतेरा किलोची. स्फोटात त्या उडाल्या. एक वीट तर मैलभर लांब, मोतीवाला नावाच्या पारशी गृहस्थांच्या गॅलरीत छप्पर फोडून पडली. त्यांनी ती सरकारजमा केली, बक्षीस मिळालं ९९९ रुपये, तेही त्यांनी मदतनिधीला देऊन टाकलं. "हजारातला एक रुपया कुठे गेला?" हा अण्णांचा जन्माचा प्रश्न. टॅली जुळत नव्हती ना! बाकीचं सोनं गोदीच्या गाळात. बहुतेक परत मिळालं, तरी पुढे १९७०च्या दशकातही गाळ उपसताना वीट हाती लागल्याच्या बातम्या आल्या.

साहजिकच त्या स्फोटातला, दाराशी पडलेला पत्रा आम्हाला गंज चढलेलं सोनं वाटे. सुट्टीत आम्ही तो विहिरीवर नेऊन चिंच, राख आणि नारळाच्या काथ्याने घासायचो. लाल पाणी वाहायचं, बोटांना लोखंडाचा वास दोन दिवस राहायचा. सोनं काही निघत नसे.

आजीचा खजिना मात्र खाडीपलीकडचा. विजापूरची बेगम हजला निघाली, दाभोळपर्यंत आली, पण पुढचा समुद्र धोक्याचा म्हणून अडली आणि यात्रेचा पैसा मशिदीत घातला, ही दाभोळच्या मशिदीची कथा त्या भागात कुणीही सांगेल. आजी त्यात भर घालायची, की एक पेटी उतरवताना खाडीत पडली. कधी ती बेगमेची असे, कधी फिरंग्यांची. १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीज अल्मेदाने दाभोळ जाळलं होतं, त्यामुळे कथेत फिरंगी घालायला आजीला इतिहासाची हरकत नव्हती. माणसं बदलायची, पेटी तेवढी खाडीच्या तळाशी पक्की.

गेल्या डिसेंबरात पुतण्या गोव्याला ग्रँड आयलंडपाशी स्कूबा करून परतताना गुहागरला उतरला. "काका, काही नाही दिसलं हो. गढूळ पाणी, लोखंडाचे सांगाडे आणि मासे. सोन्याचं नाणंसुद्धा नाही." मी त्याला सेंट जॉर्ज रीफची गोष्ट सांगितली. गोव्याच्याच समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे एक फुटलेलं जहाज सापडलं. त्यातला माल काय? भाजक्या मातीचा! छपराची कौलं, विटा, खांबांच्या नक्षीच्या टोप्या. आणि छाप मंगळूरच्या बासेल मिशन टाइल वर्क्सचा, १८६५. हे साल कारखाना सुरू झाल्याचं. जहाज त्यानंतर कधीतरी बुडालं.

"म्हणजे आपली मंगलोरी कौलं?"

"तीच. स्लॅब टाकला तेव्हा उतरवली ना, गोठ्यामागे रचून ठेवलीत."

पोरगा उठून गेला. बराच वेळ आला नाही, म्हणून मागे जाऊन पाहिलं. एक कौल उलटं मांडीवर घेऊन तो शेवाळ नखाने खरवडत बसला होता. दोन अक्षरं उघडी पडली होती, तिसऱ्यावर माती घट्ट बसलेली. मान वर न करता म्हणाला, "काका, जरा काथ्या द्या."

मी काथ्या आणायला विहिरीकडे वळलो.